हळूमामांची बिनद्राक्षांची बाग

हळूमामांना हे नाव त्यांच्या शिष्यांनी दिलं. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवलं, आणि त्यातलंही अर्धं "हळू, हळू, अहो हळू!" असं ओरडण्यात. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. तो दाबून दाबून मामांचा उजवा पाय असा तयार झाला होता, की शेजारी कुणी नुसतं घाईघाईने बोलायला लागलं तरी तो जमिनीत रुतायचा. जेवताना मामी जरा तावातावाने काही सांगू लागल्या की टेबलाखाली ब्रेक लागलाच.

माणूस मात्र लोण्याचा. एका बाईंनी गाडी सरळ भिंतीवर नेऊन आपटली तेव्हा मामा उतरले, भिंत पाहिली, बाईंचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "छान. आता भिंत कुठे आहे ते पक्कं लक्षात राहील." कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांनाच आधी दुखायचं. अशा माणसाने द्राक्षाच्या बागेत पाऊल टाकायला नको होतं, कारण द्राक्षाची सगळी शेती म्हणजे कापाकापी. पण नशिबात होतं, त्याला कोण काय करणार!

झालं असं, की ड्रायव्हिंगच्या शाळेची एकुलती एक गाडी भंगारात गेली आणि मामांची नोकरी तिच्या डिकीत बसून गेली. मामा-मामी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. तिथे उशीलासुद्धा रबराचा वास. त्याच सुमारास मामांच्या सासूबाईंचे गुडघे संपावर गेले, तेव्हा दोघं त्यांच्या घरी राहायला आली. घर गावाबाहेर, मागे उतारावर बाग. बागेत सासूबाईंनी उभी हयात सांभाळलेली एक जुनी वेल होती. तिची द्राक्षं हिरवी, गोल, बियांची आणि अशी गोड की खाणारा मधेच थांबून डोळे मिटायचा. ही जात दुसरीकडे कुठे नव्हती. सासूबाई घड मांडीवर घ्यायच्या, द्राक्ष तोंडात टाकायच्या आणि बी अशी लांब थुंकायच्या की मांजरं जागा बदलून बसायची.

आता या घराला आणखी एक जावई होता. मामींच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मामांचा साडू. त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि नाव पडलं होतं फटाफट. तो जेवायचा फटाफट, हसायचा फटाफट, आणि फ्रीज, मिक्सर, स्कूटर या सगळ्या गोष्टी मामांच्या आधी घ्यायचा तेही फटाफट. "काय साडूभाऊ, अजून पहिल्याच गिअरमध्ये का?" हा त्याचा ठरलेला विनोद. मामा हसायचे आणि त्यांचा उजवा पाय बुटात वळवळायचा.

जुनी वेल वाळायला लागली, तेव्हा सासूबाईंनी दोन्ही जावयांना समोर उभं केलं.

"वेल म्हातारी झाली. मीही झाले. काड्या काढून ठेवल्यात. अर्ध्या अर्ध्या घ्या, जमीन अर्धी अर्धी घ्या, कलमं करा. ज्याच्याकडे माझं द्राक्ष आधी नीट लागेल, त्याने या घरात राहावं आणि बाग बघावी. दुसऱ्याने साष्टांग नमस्कार करून आपल्या वाटेने जावं. तुम्ही दोघं एकत्र नांदलात तर माझं डोकं उठेल."

फटाफटने नमस्कार कोण करणार ते तिथेच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन आला आणि मामा-मामींच्या खोलीत किती गाद्या मावतील ते मोजून गेला. मामा त्या वेळी पलंगावरच बसले होते. "जरा पाय वर घ्या," म्हणाला, आणि मामांनी घेतले! मामींना असा संताप आला, असा आला, की त्या स्वयंपाकघरात जाऊन रिकामा कुकर घासत बसल्या.

"ऐकून ठेवा," त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या, "मी पुन्हा त्या टायरांवर जाऊन झोपणार नाही. ही बाग आपल्याला लागायलाच हवी."

"लागेल," मामा म्हणाले, "हळूहळू."

जमीन वाटतानाही फटाफटने डाव साधला. उताराचा खालचा भाग काळ्या, लोण्यासारख्या मातीचा, वरचा भाग मुरमाचा आणि दगडगोट्यांचा. "काळी माती माझी!" असं ओरडून तो तिच्यात उभाच राहिला, आणि बूट निघेना तरी हसत राहिला. मामांच्या वाट्याला दगड आले. सासूबाई पायरीवरून बघत होत्या.

आता कलम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. या द्राक्षाची स्वतःची मुळं नाजूक. म्हणून आधी एका रानटी वेलीची रोपं लावायची. ती आडदांड, तिची मुळं दगडातून वाट काढतात, रोगाला भीक घालत नाहीत. तिला म्हणायचं खुंट. खुंटाने जीव धरला की तो गुडघ्याखाली कापायचा, मधे चीर द्यायची, त्या चिरेत गोड जातीची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वरून घट्ट पट्टी बांधायची. दोन्हींच्या साली एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मग पाय रानटी आणि डोकं गोड, अशी एक वेल तयार होते. एकच पथ्य: गाठीच्या खालून खुंट आपले कोंब काढत राहतो, ते दिसले की खुडायचे.

"गाठीखालचं काही ठेवू नका, जावईबापू," सासूबाईंनी बजावलं होतं. मामा "हो आई" म्हणाले होते. म्हणायला काय जातंय!

फटाफटने एक कलमवाला बोलावून सगळं काम उरकून घेतलं. मामांनी मात्र स्वतःच्या हाताने केलं. प्रत्येक खुंट कापताना "माफ कर हं" म्हटलं आणि प्रत्येक पट्टीला मामींकडून फुलगाठ बांधून घेतली. थोड्या दिवसांनी कोंब दिसले. वरच्या काडीतून एक आला, फिकट, बारका, हवेने थरथरणारा. खालून एक आला, लालबुंद शेंड्याचा, रसरशीत, रोज सकाळी काल होता त्यापेक्षा वीतभर पुढे.

मामा खाली बसले. कोंबाला चिमटीत धरलं. आणि त्यांना ते होईना. आयुष्यभर ज्यांनी क्लच सोडता न येणाऱ्यांना धीर दिला, त्यांच्यासमोर आज पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून सुसाट निघालं होतं. त्याला खुडायचं?

"अगं, हा बघ कसा निघालाय! याचा काय दोष?"

"पण आई म्हणाली होती..."

"त्या म्हणाल्या होत्या काही ठेवू नका. हा काही नाही. हा भलताच आहे."

तर मामांनी एकाही वेलीचा खालचा कोंब खुडला नाही. त्याने सगळं पाणी वर पळवलं, आणि वरच्या बारक्या काड्या एकेक करून वाळून गेल्या. मामांनी त्या हळहळत बाजूला काढल्या. "अशक्तच होत्या बिचाऱ्या," म्हणाले.

आणि मग काय सांगू! मामांची बाग अशी माजली, अशी माजली की मांडव दिसेना. ताटलीएवढी गोल, चकचकीत पानं. शेजारपाजारच्या बागांवर भुरी आली, पानांवर पिठूळ थर बसला, लोक फवारे मारून मारून बेजार झाले; मामांच्या पानाला डाग नाही. मामा छाती काढून फिरू लागले. लोकांना सल्ले देऊ लागले! "वेलीशी बोलावं लागतं," असं त्यांनी एका बागवाल्याला सांगितलं, आणि तो भला माणूस खरंच घरी जाऊन वेलींशी बोलायला लागला, तर त्याच्या बायकोने माहेरी कळवलं.

खाली फटाफटची बाग मात्र खुरटी. पानं कातरलेली, अगदी जुन्या वेलीसारखी, पण कडेने करपलेली. तो रोज दुकान बंद करून यायचा आणि पाइप धरून उभा राहायचा. मामा वरून ओरडायचे, "काय साडूभाऊ, अजून पहिल्याच गिअरमध्ये का?" हे वाक्य उच्चारताना मामांना जे सुख झालं, ते मी लिहू शकत नाही.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे वर चढता येत नव्हतं. त्या पायरीवरून बघायच्या आणि म्हणायच्या, "हिरवं तर चिक्कार दिसतंय."

तिसऱ्या वर्षी मामांच्या वेलींना फुलोरा आला. मंद, गोड वास. मामा रोज सकाळी भिंग घेऊन जायचे. फुलं उमलली, फुलं झडली. मागे उरले नुसते देठ.

"उशीर लागतो," मामा म्हणाले.

द्राक्षं पिकायचे दिवस आले, तेव्हा खालच्या बागेतल्या आजारी वेली पाहायला फटाफटने त्या कलमवाल्याला पुन्हा बोलावलं होतं. जाता जाता तो वर डोकावला. एक पान उलटंपालटं केलं, एका बुंध्याशी वाकला, आणि मग बराच वेळ नाक खाजवत राहिला.

"मामा, तुम्ही हे काय वाढवलंय?"

"द्राक्षं."

"हा खुंट आहे. नुसता खुंट. गोड काडी केव्हाच गेली. आणि मामा..." त्याने आवाज खाली आणला, जणू घरातली वाईट बातमी सांगतोय, "हा खुंट नर आहे. याला फुलं येतात. फळ नाही येत."

"एकालाही नाही?"

"सगळे नर."

मामा मटकन दगडावर बसले. तीन वर्षं त्यांनी पुरुषांची एक बाग वाढवली होती. त्या रात्री मामींनी हे ऐकलं तेव्हा त्या आधी खो खो हसल्या, मग रडल्या, आणि मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात आईला खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलंय. ती घड बघणार आहे. काय दाखवणार? मिश्या?"

वेळ आली की भले भले घसरतात, मामा तर आधीच भले. खुर्ची वर न्यायच्या दिवशी पहाटे ते पिशवी घेऊन बाजारात गेले आणि फळवाल्याच्या गाड्यापाशी त्यांना कोण भेटावं? फटाफट! हातात द्राक्षांची पिशवी, तोंड चोरासारखं.

"पाहुणे आलेत," फटाफट म्हणाला.

"आमच्याकडेही," मामा म्हणाले.

दोघांचंही घर पाहुण्यांनी भरलंय अशी समजूत करून घेऊन दोघं दोन दिशांना पळाले. घोटाळा एवढाच की शेवटची हिरवी द्राक्षं फटाफटने उचलली होती. गाड्यावर उरली होती काळी.

"काळी?" मामी किंचाळल्या.

"हिरव्या पानांत हिरवं कुणाला दिसतंय? काळी उठून दिसतील."

भर सकाळी नवरा-बायकोने शिवणाच्या दोऱ्याने काळे घड नर वेलींना टांगले. खरं सांगतो, दिसत होते मात्र झकास.

सासूबाईंची खुर्ची आधी खालच्या बागेत थांबली. फटाफट सारखा पुढे पुढे, "हे बघा आई, ते बघा आई." सासूबाईंनी हात वर केला, एक हिरवा घड धरला आणि किंचित ओढला. घड सरळ मांडीत आला, आणि मागोमाग गादी शिवायचा जाडजूड दोरा.

"घडाला टाके कुणी घातले?" सासूबाईंनी विचारलं. एक द्राक्ष चावलं. "बी कुठाय याची?"

फटाफटला आयुष्यात पहिल्यांदा काही फटाफट सुचलं नाही. पण सासूबाईंचा हात पानांत चाचपडत राहिला आणि आत खोल, करपलेल्या पानांमागे, त्यांना एक खराखुरा घड लागला. मूठभर, खुरटा. त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. बी इतकी लांब गेली की फटाफटच्या स्कूटरवर टण्णकन वाजली.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच माझं."

मग खुर्ची वर आली. मामा मांडवाखाली उभे, उजवा पाय जमिनीत पार रुतलेला. सासूबाईंनी काळ्या घडांकडे पाहिलं. मामांकडे पाहिलं. एका गोल पानावरून बोट फिरवलं. मामींनी डोक्याला हात लावला.

"जावईबापू, हिरव्या काडीची काळी द्राक्षं झाली का?"

"नाही आई," मामा म्हणाले. "काहीच नाही झालं. मी गाठीखालचं खुडलं नाही. मला खुडवलं नाही. हे सगळे नर आहेत आई, आणि ही द्राक्षं बाजारातली आहेत."

फटाफटने हसावं ना, तो हसलाच. आणि सासूबाईंनी निकाल दिला: खालच्या बागेत मूठभर का होईना, खरं द्राक्ष लागलं. घर थोरल्या जावयाचं.

मामींचा चेहरा एवढासा झाला. फटाफटने खिशातून टेप काढली. मामा मात्र खाली बघत होते, खालच्या बागेकडे. ते उतरले, एका वेलीपाशी उकिडवे बसले आणि बोटाने माती उकरली. माती चिकट, गार. खालचं मूळ काळं पडलेलं, बोटाने दाबताच साल सुटून आली. गटारीचा वास आला.

मामी मागोमाग आल्या होत्या. त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. वेलीचे पाय सतत पाण्यात, मुळं कुजलेली. ही बाग पुढचा हंगाम बघत नाही. "गप्प बसा," त्या पुटपुटल्या. "एक अक्षर बोलू नका. वर्षभरात त्याचं सगळं मरेल आणि तो आपणच निघून जाईल."

मामांनाही ते गोड वाटलं. का वाटू नये? माणूसच आहे. टायरवरच्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या, आणि पलंगावर वर घेतलेले पाय. बसून राहायचं, बस. पण मग ते द्राक्षही मरणार होतं. जुनी वेल गेली, वरच्या काड्या मामांनीच घालवल्या, आता जगात ती जात उरली होती ती एवढ्या कुजक्या वेलींवर. मामांना स्वतःचा असा राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"साडूभाऊ," टेप घेऊन खाली आलेल्या फटाफटला ते म्हणाले, "मोजायचं थांबवा. तुमची मुळं कुजलीत. पाणी फार झालं, आणि या मातीतून ते निघत नाही."

फटाफटच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. "मी रोज घातलं हो पाणी," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही. तापात होतो तेव्हाही आलो." आणि एवढा मोठा गादीवाला चिखलात बसून हमसून हमसून रडायला लागला.

"माझ्याकडे मुळं आहेत," मामा म्हणाले. "दगडात पाय रोवलेली, ठणठणीत. मी सगळं कापतो. तुमच्या काड्या त्यांच्यावर बसवू. घर तुमचंच राहू द्या."

मामींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "करवत आणते," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता, पण त्या आणायला गेल्या खऱ्या.

छाटणीचे दिवस आले तेव्हा मामांनी आपली माजलेली बाग स्वतःच्या हाताने गुडघ्याखाली कापली. ज्याला एक कोंब खुडवत नव्हता, त्याने. प्रत्येक वेलीपाशी पाय ब्रेकवर जायचा आणि हात करवतीवर. दोन साडू पहिल्यांदाच एका कामाला बसले, आणि भांडणाला तोटा नव्हता. फटाफट काडी घाईने खुपसायचा, ती तिरकी जायची, साली भिडायच्या नाहीत. "हळू!" मामा ओरडायचे. मामा चीर इतक्या प्रेमाने न्याहाळत बसायचे की कापलेली काडी वाळायला लागायची. "फटाफट!" साडू ओरडायचा. शेवटी ठरलं, तासायचं एकाने, बसवायचं दुसऱ्याने, आणि पट्टी बांधायची मामींनी. फुलगाठ नाही, साधी गाठ.

कोंब आले. वरून बारके, खालून दांडगे. मामा रोज सकाळी जाऊन खालचे खुडायचे, आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करायचे, पण खुडायचे. फटाफट पाण्याच्या पाइपला हात लावायच्या आधी वर येऊन मुरमात बोट खुपसून बघायचा. घर त्याचं, पण गाद्या काही आल्या नाहीत आणि मामा-मामी आपल्या खोलीतच राहिले; विचारलं की म्हणायचा, सध्या कलमांच्या गडबडीत आहे.

दोन हंगाम गेले आणि दगडांवरच्या मांडवातून टोपली भरून हिरवी, गोल, बियांची द्राक्षं उतरली. टोपली पायरीवर सासूबाईंच्या समोर ठेवली. त्यांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं. मांजरं लांब जाऊन बसली.

"आता हिशेब पुरा करू," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, एकाने राहायचं, एकाने जायचं. घर थोरल्याला दिलं तेव्हा त्याच्या वेली जगतील असं वाटलं होतं. आता या वेलींचे पाय धाकट्या जावयाचे, डोकं थोरल्याचं. ज्याला जायचंय त्याने आपला अर्धा भाग सोडवून न्यावा. गाठीशी कापा आणि चालू लागा."

फटाफट मांडवाकडे बघत राहिला. आणि ज्या माणसाने जन्मात कशाचंच उत्तर पटकन दिलं नव्हतं, त्या हळूमामांनी ताडकन सांगितलं, "कुणीच जात नाही आई. साडूभाऊ माडीवरच्या खोलीत राहतील. गाद्यांसकट."

"चालेल," फटाफट म्हणाला, आणि नाक पुसलं.

सासूबाईंनी बी थुंकली. "माझं डोकं उठणार," त्या म्हणाल्या, आणि टोपली आपल्याकडे ओढून घेतली.